अकरा घरांचा बाजार

शिरड शहापूरजवळच्या तांड्यावर रूपाबाईला सगळे याडी म्हणतात. याडी म्हणजे आई. वय साठीच्या पुढं गेलेलं. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नाही, पण आकडे आणि तारखा वाचता येतात. ते ती भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शिकली. कुणाच्या घरी लग्न निघालं की डाळ किती, तेल किती हे तिला विचारायचं आणि ती म्हणेल तेवढंच आणायचं, अशी तांड्याची रीतच पडून गेली आहे. तिचा अंदाज कधी चुकत नाही, असं लोक सांगतात. ती स्वतः मात्र तसं म्हणू देत नाही.

दोन वर्षांपूर्वी हिंगोलीच्या बाहेर बायपासला होलसेलचं एक मोठं दुकान उघडलं. दुकान कसलं, गोदामच ते. रूपाबाईची सून शितल बचत गटाच्या कामाला हिंगोलीला गेली होती, तिथं ऐकून आली की साखर, तेल, साबण सगळं तिथं स्वस्त मिळतं. तांड्यावर चर्चा झाली. अकरा घरच्या बायकांनी पैसे गोळा केले आणि एक छोटा टेम्पो करून सगळ्या निघाल्या.

दुकानाच्या दारात वॉचमननं अडवलं. "कार्ड दाखवा. इथं फक्त दुकानदारांना माल मिळतो."

शितलनं बरीच विनवणी केली. तो बिचारा तरी काय करणार? बायका रिकाम्या टेम्पोत बसून परत आल्या. त्यांतली मंजुळाबाई वाटभर बडबडत होती, "भाडं गेलं, रोज बुडाला." शिरड शहापूर आलं तशी रूपाबाईनं टेम्पो थांबवायला सांगितला आणि एकटीच उतरली.

ती गेली दस्तगीरच्या किराणा दुकानात. तीस वर्षं तांडा त्याच्याकडूनच माल नेत होता. त्याच्याकडं कार्ड असणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. आणि होतंही. होलसेलवाल्यांची माणसं गावात येऊन सगळ्या किराणावाल्यांची कार्डं करून गेली होती. दस्तगीरनं ते गल्ल्याखाली टाकून दिलं होतं.

रूपाबाईनं झालेलं सगळं खरं सांगितलं. दस्तगीरचा चेहरा उतरला.

"म्हंजे माझं गिऱ्हाईक मीच तिकडं नेऊन सोडू?" तो म्हणाला. "काहून असं करून राहिल्या, रूपाबाई? मी कधी मापात मारलं का?"

"न्हाई मारलं. म्हणून तर तुमच्याकडं आले." रूपाबाई पोत्यावर टेकली. "तुमाला न सांगता गेलो, ते चुकलंच आमचं. पण ऐका. अकरा घरचं तेल, साखर, साबण तुमच्या नावानं आणू. माल उतरंल तुमच्याच दुकानात, तुमीच वाटून द्या आन तुमची मजुरी घ्या. तुमच्या दुकानाचा मालही तिथूनच भरा. बाकी चहा, मसाला, गूळ, डाळ आमी तुमच्याकडूनच नेऊ."

"डाळ काहून न्हाई आणायची तिथून?"

"बघितल्याबिगर कसं सांगू? हातात घेऊन बघू द्या की आधी."

गिऱ्हाईक आलं, त्याला दस्तगीरनं पावशेर शेंगदाणे बांधून दिले. मग म्हणाला, "सोमवारी माझं दुकान बंद असतंय. सोमवारी जाऊ."

सोमवारी तिघं गेले: दस्तगीर, रूपाबाई आणि शितल. आत माल छतापर्यंत रचलेला. गारवा असा की शितलनं पदर अंगभर घेतला. एकावर एक मोफतच्या पाट्या जिकडंतिकडं लटकत होत्या. रूपाबाईनं पहिला अर्धा तास काहीच घेतलं नाही. नुसती फिरली. दस्तगीर ढकलगाडी घेऊन तिच्या मागं.

मग ती साबणापाशी थांबली. "हे घ्या. दोन खोकी. साबण वाळला तर अजून पुरतो." तेलाच्या डब्यावरची तारीख तिनं बोट ठेवून वाचली, तो बाजूला सारला आणि मागचा डबा ओढायला लावला. साखरेचं पोतं घेतलं. बिस्किटांच्या खोक्यावर मोठी सूट होती, शितलचा हात तिकडं गेला. "घरात खोकं असलं की लेकरं चार दिवसांत फस्त करतेत," रूपाबाई म्हणाली. "पुडा असला तर पुडाच खातेत." खोकं जागेवर गेलं.

धुण्याच्या पावडरीची पाच किलोची पिशवी होती. दस्तगीरनं ती उचलून गाडीत ठेवलीसुद्धा. रूपाबाईनं शितलला मोबाईलवर हिशेब करायला सांगितला. किलो-किलोच्या पाच पुड्या त्या पिशवीपेक्षा स्वस्त पडत होत्या.

"तीस वर्षं दुकान चालवून राहिलो," दस्तगीर म्हणाला, "मोठी पिशवी महाग असंल असं माझ्या मनातही आलं न्हाई."

तूरडाळीची वेळ आली तेव्हा तिनं मूठभर डाळ पदरात घेऊन घासली. डाळीची चमक पदराला लागली. एक दाणा तिनं दाताखाली चावला आणि डाळ परत टाकली. "ही वरून तेल चोपडलेली हाय. तुमची बरी."

हे ऐकून दस्तगीरनं मान दुसरीकडं वळवली. पण शितलला तो हसलेला दिसला.

चूक झाली ती रव्यात. पन्नास किलोचा कट्टा फार स्वस्त होता. दस्तगीर म्हणाला होता, "आषाढ चालू हाय, रवा टिकणार न्हाई." रूपाबाई म्हणाली, अकरा घरांत काय होतंय, वाटून संपून जाईल. पंधरा दिवसांनी मंजुळाबाई वाटीत रवा घेऊन आली. त्यात जाळी धरली होती, अळ्या होत्या.

दुसरी एखादी म्हणाली असती की तुमी झाकून ठेवला नसंल. रूपाबाई त्याच सकाळी उठून अकराही घरी गेली. प्रत्येक दारात तिनं एकच गोष्ट सांगितली. "दस्तगीरभाईनं बराबर सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई. माझं चुकलं." जो रवा चाळून निघण्यासारखा होता तो तिनं स्वतः चाळून, भाजून दिला. उरलेला कोंबड्यांना टाकला. आणि पुढच्या फेरीला तिच्या घरच्या शेंगदाण्याची एकेक पायली प्रत्येक घरी पोचती झाली. कुणी मागितली नव्हती. मंजुळाबाई घ्यायला तयार नव्हती, तिच्या ओट्यावर ती ठेवून आली.

याच गोष्टीनं तिचा शब्द आणखी वजनदार झाला. आता दर तीन महिन्यांनी गाडी जाते. दस्तगीरचं दुकान बंद पडलं नाही, उलट मागच्या खोलीत त्यानं फळ्या ठोकून माल ठेवायला जागा केली. गिऱ्हाईक डाळीबद्दल विचारायला लागलं तर तो सांगतो, "ही रूपाबाईनं पास केलेली हाय."

यंदा जवळा बाजारहून दस्तगीरची भाची यास्मीन आली. तिची तिथं खानावळ आहे, रोज चाळीस-पन्नास माणूस जेवतं. तिला यादी करून हवी होती. रूपाबाईनं यादी सांगितली नाही. ती दुसऱ्या दिवशी एसटीनं जवळा बाजारला गेली. खानावळीत जेवायला बसली नाही, थेट आत गेली. भिंतीला हात लावून ओल बघितली, उंदराची बिळं बघितली, डबे उघडून वास घेतला, काल काय उरलं ते विचारलं.

"मावशी, आधी काय घ्यायचं ते तर सांगा," यास्मीन म्हणाली.

"आधी धान्य ठेवायला झाकणाच्या चार कोठ्या घे," रूपाबाई म्हणाली. "मग तांदळाचं बोलू."