दुधनीचं पाणी आणि सुकदेवचा डावा हात

खडोलीच्या कारखान्यात प्रेस मशीनमध्ये सुकदेवचा उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हा तो तिशीत होता. धुळ्याकडचा गडी, बोलणं कमी. पुढे तिथेच गेटवर राखणीला बसू लागला आणि सुट्टीच्या दिवशी दुधनीला जाऊन मधुबन धरणाच्या जलाशयात पोहू लागला. एका हाताने पोहताना तो नकळत उजवीकडे वळायचा. म्हणून अधूनमधून मान वर काढून पैलतीरावरच्या डोंगराचा सुळका बघायचा आणि दिशा सावरायचा.

त्याला पोहणं शिकवायच्या कारखान्यातल्या इंजिनिअर मेधाताई. अपंगांच्या सागरी पोहण्याच्या स्पर्धेला त्याचं नाव पाठवायला त्यांची एकच अट होती: दुधनीहून पैलतीर गाठायचा, सोबतच्या नावेला हात न लावता.

थंडीतल्या एका रविवारी तो उतरला. मेधाताई नावेतून सोबत होत्या. निम्म्यावर आला आणि पाण्यावर धुकं दाटलं. वरून बघणाऱ्याला अशा वेळी डोंगरांचे माथे ढगांवर तरंगताना दिसतात, पाहतच राहावं असं ते रूप. पाण्यातल्या सुकदेवला मात्र सुळकाच दिसेना. धुकं पडलं तर पैलतीरावरून बायकोने, मंजुळाबाईने, थाळी वाजवायची असं ठरलं होतं. तिने वाजवायला घेतली.

डावीकडे दुसऱ्या नावेत गौरव आणि कारखान्यातले सोबती होते. तो पोचल्यावर वाजवायला त्यांनीही थाळ्या आणल्या होत्या; धुक्यातल्या थाळीचं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडची थाळी ऐकून त्यांना वाटलं, सुकदेव पोचला. सगळ्यांनी एकदम दणका सुरू केला. आता कुठली थाळी बायकोची, हे सुकदेवला कळेना. तो थांबला, पाठीवर पडून राहिला. अंगात थंडी भरत चालली.

"सुकदेव, नाव शेजारीच आहे. धरतोस?" मेधाताईंनी विचारलं.

"थोडं थांबा, ताई."

मंजुळाबाईला गोंधळ उमगला. तिने थाळी खाली ठेवली आणि लेकीचं नाव घेऊन, नेहमीसारखी गावाकडच्या बोलीत हाक मारली, "ओ सोनीना बाप, मना आवाजकडे या."

गौरवच्या नावेतला आवाज चटकन बंद झाला. "वहिनी बोलावतात, आता दादा चुकतोय कुठला," कुणीतरी हळूच म्हणालं. सुकदेव पालथा झाला आणि हात मारू लागला. ती बोलतच राहिली. सांगण्यासारखं संपलं तेव्हा चहा निवतोय, टॉवेल दवाने भिजला, यावरून ओरडली, पण थांबली नाही.

शेवटी त्याचे पाय चिखलाला लागले. गौरव कानकोंडा होऊन टॉवेल घेऊन धावला. मेधाताईंनी तिथेच फोन काढून स्पर्धेला त्याचं नाव पाठवलं. नवऱ्याची पाठ पुसता पुसता मंजुळाबाईने बसलेल्या आवाजात त्यांना विचारलं, "ताई, समुद्रात मला नावेत बसू देतील ना?"