नावानिशी दिलेला अभिप्राय

कॉलेजातली पोरं तिला मागून चाळणी म्हणत. समोर अर्थातच मॅडम. प्रयोगाची वही तिच्या हातात पडली की एकेक आकडा चाळून निघायचा आणि खडा सापडला नाही असं सहसा व्हायचं नाही. हे नाव नणंदेच्या कानावर कुठून गेलं कोण जाणे, पण तेव्हापासून ते घरातही रुळलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो दुकानातून फोन करून आईला विचारायचा, "चाळणी आली का घरी?" सासूबाईंना आधी हे मुळीच पटलं नव्हतं. मग एकदा त्यांना दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच गोळी लिहून दिली होती, ते सुनेनं चिठ्ठ्या वाचून पकडलं. त्यानंतर त्याही चाळणीच म्हणायला लागल्या.

ती शीतकरण शिकवायची, म्हणजे फ्रीज, शीतगृहं, थंडावा राखणारी यंत्रं. तिची प्रयोगशाळा इमारतीच्या मागच्या अंगाला होती. कॉम्प्रेसरची घरघर दिवसभर चालू, फरशीवर एक ओला डाग कायमचा, आणि कोपऱ्यात जाड दाराची एक थंड खोली. उन्हाळ्यात इतर विभागांचे मास्तर काही ना काही शंका घेऊन नेमके त्या खोलीतच यायचे. शंका लवकर फिटायची नाही.

इतकी वर्षं शिकवूनही ती होती कंत्राटी. दरवर्षी कॉलेज उघडायच्या तोंडावर नवी ऑर्डर यायची आणि ती हातात पडेपर्यंत घरादाराचा जीव टांगणीला लागायचा. या वर्षी कॉलेजनं सांगून टाकलं, जागा एकदाच कायमच्या भरणार, ज्याची निवड होणार नाही त्यानं घरी बसायचं. चष्म्याच्या दुकानावर घर कसंबसं चाललं असतं. पण प्रयोगशाळेवाचून ती कशी राहिली असती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिचं आणखी एक काम होतं, त्याला घरात कुणी काम मानत नसे. कुठल्याही शास्त्रज्ञानं नवा शोधनिबंध लिहिला की मासिक तो छापण्याआधी त्या विषयातल्या दोघा जाणकारांकडे गुपचूप पाठवतं. त्यांनी तो बारकाईनं वाचायचा, चुका दाखवायच्या, छापावा की नाही ते सांगायचं. पैसे नाहीत, नाव नाही. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं की ती लॅपटॉप उघडून बसायची. सासूबाई म्हणायच्या, "बसली लष्कराच्या भाकऱ्या भाजायला."

नवरा विचारायचा, "निदान कुठं नाव तरी छापतात का गं?"

"नाही छापत," असं म्हणून ती वाचायला लागायची. वाईट वाटायचं तिला, खूपच वाटायचं, पण ते बोलून काय दाखवायचं? एका लेखात तिनं मोठी चूक पकडून दिली होती, तेव्हा लेखकांनी शेवटी 'अज्ञात परीक्षकाचे आभार' अशी ओळ घातली. ती ओळ तिनं कितीदा तरी उघडून वाचली होती. कुणाला दाखवणार? दाखवली तरी, हे तूच कशावरून, असंच विचारलं असतं.

मग मासिकानं जाहीर केलं की यापुढे परीक्षकाचा अभिप्राय लेखाबरोबरच छापू, आणि परीक्षकाची हरकत नसेल तर नावानिशी छापू. तेवढ्यातच कायमच्या जागेचा अर्ज निघाला. त्यात एक नवा रकाना होता, 'परीक्षणाचे कार्य, पुराव्यासह'. इतकी वर्षं काम केलेलं, पण पुरावा एक नाही. आता एखादा तरी अभिप्राय नाव घालून छापून आला पाहिजे, असं तिनं घरी सांगितलं. सासूबाईंनी ती बातमी संध्याकाळच्या आत जिन्यातल्या सगळ्या दारांपर्यंत पोचवली. सुनेचं नाव परदेशी छापून येणार म्हणे.

आणि लेख आला तो नेमका मोठ्या सरांचा. थंडाव्याच्या विषयात काम करणारा प्रत्येक जण त्यांना मोठे सर म्हणायचा. ती त्यांना कधी भेटली नव्हती, त्यामुळे परीक्षण नाकारायला नियमानं कारण नव्हतं. पण प्राचार्यांच्या ऑफिसातला क्लार्क चहा पिताना म्हणाला होता की मुलाखतीला बाहेरचे तज्ज्ञ म्हणून बहुतेक तेच येणार. दुसरं येणार तरी कोण?

लेख होता लसीच्या पेटीवर. दूरच्या वस्त्यांवर लस नेताना ती थंड राहावी लागते. उन्हात तापली की ती बाद होते आणि बघून तर काहीच कळत नाही. टोचणाऱ्या नर्सला वाटतं, बाळ सुरक्षित झालं. मोठ्या सरांनी नवी हलकी पेटी केली होती, ती दिवसभर थंडावा धरते असा त्यांचा दावा होता. आलेख सुरेख, भाषा सुरेख. तिनं लेख दोनदा वाचला आणि मग सवयीनं पेटीचा फोटो मोठा करून पाहिला.

थर्मामीटरची तार पेटीच्या कडेनं खाली जात होती. म्हणजे ती बर्फाच्या पाकिटाजवळ होती. तिथं थंड असणारच. पण झाकण सारखं उघडावं लागतं, त्या झाकणाखालच्या कुप्यांचं काय? लेखात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. चूक सापडली याचा तिला आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला नाही.

तिनं नेहमीसारखा खणखणीत प्रश्न लिहिला. थर्मामीटर नेमका कुठे होता? झाकणाखाली मोजलं का? नसेल, तर हा दावा टिकत नाही. मग ती अभिप्रायाच्या तळाशी गेली. तिथं नावाची चौकट होती. तिनं नाव घातलं आणि प्रश्न पुन्हा वाचला. खाली नाव आल्याबरोबर वरची वाक्यं उद्धट वाटायला लागली.

समोर सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. आत नवरा घोरत होता. तिनं 'दावा टिकत नाही' पुसलं. 'थर्मामीटर कुठे होता ते स्पष्ट करावे' असं केलं. मग त्याआधी 'शक्य झाल्यास' घातलं. थोड्या वेळानं 'स्पष्ट करावे' जाऊन 'लेखकांनी विचार करावा' आलं. इतकं मिळमिळीत वाक्य तिनं कधी लिहिलं नव्हतं, तिची तिलाच लाज वाटली. नाव काढून टाकलं असतं तर प्रश्न आहे तसा ठेवता आला असता. तिनं नाव काढून पाहिलंही. पण मग अर्जातला रकाना रिकामा राहणार होता. शिवाय जिन्यातले सगळे विचारणार, कधी छापून येतंय म्हणून.

"झालं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"होतच आलंय, आई."

तिनं नाव परत घातलं आणि ते वाक्य अख्खंच पुसलं. 'मोजमाप काळजीपूर्वक केलेले आहे, लेख छापण्यास योग्य आहे,' अशा चार ओळी लिहून अभिप्राय पाठवून दिला. घाम आला होता. पंखा तर डोक्यावरच फिरत होता.

पुढच्या आठवड्यात नणंद आली. ती सरकारी केंद्रात नर्स होती. लसीची पेटी खांद्याला लावून वस्त्या-वस्त्या हिंडायची. "वहिनी, आम्हाला नव्या पेट्या येणार म्हणतात," ती पाय चोळत म्हणाली. "कुणा मोठ्या शास्त्रज्ञाच्या आहेत. लेख छापून आला की ऑर्डर निघणार. जुनीनं खांदा गेला गं माझा."

चाळणीनं कप खाली ठेवला. "झाकण किती वेळा उघडता तुम्ही?"

"दर पोराला एकदा तरी. तेही झाडाखाली, नाहीतर उन्हातच." मग तिला एकदम काहीतरी सुचलं. "तुझ्याकडे आला होता का गं तो लेख?"

चाळणी कपबश्या गोळा करायला लागली. नणंद हसली. "म्हणजे आला होता. मग काळजीच मिटली. तुझ्या हातून गेलं म्हणजे बघायलाच नको."

त्या दिवसापासून तिचं जेवणातलं लक्ष उडालं. संपादकांना दोन ओळींचं पत्र लिहायचं, एक मुद्दा राहून गेला, एवढंच. तिनं ते लिहिलं. कॉलेजात मधल्या सुट्टीत ती ते उघडायची, वाचायची आणि तसंच ठेवून वर्गावर जायची. मुद्दा राहून गेला नव्हता, काढून टाकला होता, हे तिला पक्कं माहीत होतं. आज पाठवू, उद्या पाठवू असं करता करता मुलाखतीचं पत्र आलं. तज्ज्ञांच्या नावात मोठे सर होते. संपादकांचं पत्र गेलंच नाही.

मुलाखतीच्या आधी लेख छापून आला. तिनं तो प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडला, आजूबाजूला कुणी नाही असं बघून. लेखाखाली दोन्ही अभिप्राय होते. पहिल्या परीक्षकासमोर लिहिलं होतं, 'नाव देण्याची इच्छा नाही'. आणि खाली पहिलाच प्रश्न होता: थर्मामीटर नेमका कुठे होता? झाकणाखाली मोजलेले नसेल, तर हा दावा मान्य करता येत नाही.

खाली मोठ्या सरांचं उत्तर होतं. आपण पुन्हा मोजमाप केलं, दुपारपर्यंत झाकणाखालच्या कुप्या तापलेल्या आढळल्या, पेटी आहे तशी वापरण्याजोगी नव्हती, झाकणाची रचना बदलली आहे, नवे आकडे दिले आहेत. हा बदललेला लेख संपादकांनी पहिल्या परीक्षकालाच परत दाखवला होता. दुसऱ्याची काही हरकतच नव्हती, त्याला कशाला त्रास द्यायचा?

दुसऱ्या परीक्षकाचं नाव ठळक अक्षरात होतं. पदवी, विभाग, कॉलेज, सगळं. आणि त्याखाली त्या चार ओळी.

बाळांना बाद लस टोचली जाणार नव्हती. हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच शरमेनं मान खाली गेली. वाचवणारी ती नव्हती. तिच्यावर सोपवलं असतं तर पेट्या तशाच निघाल्या असत्या.

घरी मात्र आनंदीआनंद होता. नवऱ्यानं ते पान छापून दुकानात काउंटरच्या काचेखाली सरकवलं होतं, आणि एक प्रत आईसाठी आणली होती. सासूबाईंनी नावावरून बोट फिरवलं, चष्मा पुसून पुन्हा फिरवलं. मग नणंदेला म्हणाल्या, "तू वाच, मला इंग्रजी कुठं येतंय."

नणंद वाचायला लागली. आधी मोठ्यानं, मग मनात. वरचं वाचलं, खालचं वाचलं, परत वरचं वाचलं. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "यांच्याकडून नावं उलटसुलट झालीत का गं? हे वरचं तू लिहिल्यासारखं वाटतंय."

"नाही," चाळणी म्हणाली. "खालचंच माझं आहे."

नणंदेनं तिच्याकडे पाहिलं आणि पान घडी करून आईच्या हातात दिलं. पुढे ती काही विचारणार असं वाटलं, पण तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मुलाखत प्राचार्यांच्या खोलीत होती. लांब टेबल, पलीकडे चार जण, अलीकडे एक खुर्ची. मोठे सर तिला वाटलं होतं त्याहून बुटके निघाले, आवाजही मऊ. अर्ज चाळत ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझा लेख तपासलात. आभारी आहे." प्राचार्य खूश झाले. आपल्या कॉलेजचं नाव निघालं की ते नेहमीच खूश व्हायचे.

"त्या पहिल्या परीक्षकानं मात्र मला घाम फोडला," मोठे सर पुढे म्हणाले. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, खोटं कशाला सांगू? दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मग मोजायला बसलो. त्या माणसानं माझी अब्रू राखली, आणि पोरांचा जीव राखला. नाव दिलं नाही. दिलं असतं तर आज मी त्यालाच शोधत गेलो असतो." त्यांनी चष्मा काढला. "या विषयात माणसं मोजकीच. तुमच्या माहितीत आहे का असं कुणी? या जागेवर तसाच माणूस हवा, असं मी प्राचार्यांना आत्ताच सांगत होतो."

वीस वर्षांचं तिचं काम एका वाक्यात सांगता आलं असतं. असे किती प्रश्न मी विचारलेत, सर, फक्त पुरावा नाही. आणि तेही खरंच होतं. 'नाही, माहीत नाही' म्हणून गप्प बसता आलं असतं, मग पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तिला नक्की आलं असतं. प्राचार्य तिच्याकडे प्रेमानं बघत होते. आता तोंड उघडलं की नोकरी हातची जाते, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"सर, ते कोण आहेत मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तो प्रश्न मीही लिहिला होता. तार फोटोत दिसत होती. पाठवायच्या आधी मी तो पुसला."

प्राचार्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. मोठ्या सरांनी चष्मा परत घातला.

"दिसत होतं, तर मग पुसलात कशासाठी?"

"खाली माझं नाव येणार होतं," ती म्हणाली.