लाल कापडावरचं अंडं

गेल्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात एक बातमी कानोकानी फिरली: तांड्यावरचा धावजी राठोड करणी करतो. दुपारी सगळे कलंडले की तो गोठ्यामागं लाल कापड पसरतो, त्यावर लोखंड मांडतो, लोखंडाला उकडलेलं अंडं दाखवतो आणि काड्यांचे तुकडे करत काहीतरी पुटपुटतो. मी ती चहाच्या टपरीवर दोनदा ऐकली. दुसऱ्या वेळी तिच्यात काळं कोंबडंही आलं होतं.

बातमी मूळची धावजीच्या शेजारणीची, मथुराबाईंची. मथुराबाईंच्या बातमीत तिखट पदरचं असतं, पण मीठ खरं असतं. कापड होतं, लोखंड होतं, अंडंही होतं. कोंबडं तेवढं नव्हतं.

धावजी बैलांना नाल ठोकतो. आठवडी बाजाराच्या दिवशी लिंबाखाली बसतो. आता ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पण ज्यांच्याकडे आहेत ते त्यालाच शोधत येतात. दोरीचा एक वेढा, एक हिसका, की शिंगं उगारणारा बैल कुशीवर. मग चारही पाय बांधायचे, खूर तासायचा, नाल ठोकायची. पन्नास वर्षांत त्यानं एकाही बैलाला “बाबा, चालेल का?” असं विचारलं नाही. त्या धंद्यात विचारायची पद्धतच नाही.

घोटाळा झाला तो इथंच.

त्याची एक म्हातारी कुत्री आहे, झिपरी. नालांची पिशवी खांद्यावर गेली की ही निघालीच बाजाराला, जीपमध्ये त्याच्या पायाशी मुटकुळं करून. उन्हाळ्यात ती लंगडायला लागली. पुढच्या पायाचं, अंगठ्याच्या जागचं नख वळत वळत मांसाला टेकलं होतं. धावजीनं पाहिलं, दोरी आणली आणि तिला बैलासारखं पाडलं. पाय बांधले, खुरांची पक्कड काढली. झिपरीनं असा आकांत मांडला की अर्धा तांडा धावत आला. पक्कड नखाला लागायच्या आत ती दोरीतून निसटली. त्या दिवसापासून कुठंही लोखंड खणकलं की झिपरी बाजेखाली. पिशवी उचलली तरी बाजेखाली. धावजी एकटाच बाजाराला जायला लागला.

“पन्नास वर्सं बैल पाडले,” त्याची बायको सुखीबाई म्हणाली, “आन् येवढ्याशा कुत्रीनं तुमाले पाडलं!”

“तिच्या भल्यासाठीच करून राह्यलो ना मी. तिले समजत नाही त्याले काय करू?”

“मले तरी कुठं समजलं होतं लग्नात?”

शेवटी तो तिला उचलून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या केतकी डॉक्टरांनी पाय लांबूनच पाहिला, कारण झिपरी जवळ येऊ देईना.

“काका, वीसेक दिवसांत नख मांसात शिरेल. मग पाय सडेल. भूल देऊन कापता येईल, पण हिचं हृदय अशक्त आहे. भुलीतून उठेलच, असं मी सांगणार नाही. त्यापेक्षा तिची नखं कापायच्या कटरशी ओळख करून द्या.”

“ओळख? पाव्हना हाये का तो?”

“पाहुणाच समजा. आधी नुसता बसू द्या घरात. आल्या आल्या हात धरायचा नाही.”

कुत्र्याची नखं कापायचं कटर यवतमाळहून आलं. ते खणकू नये म्हणून सुखीबाईनं तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, भरलेल्या जुन्या पिशवीचं लाल कापड दिलं, कवड्या आणि आरशांसकट. जागा गोठ्यामागची, कारण तिथं नालांचा आवाज नाही. वेळ दुपारची, कारण तेव्हा तांड्यात चिटपाखरू नसतं. कटर कापडावर, अंड्याचा तुकडा हातभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी वीतभर. चौथ्या दिवशी झिपरीनं कटरवरचं अंडं खाल्लं आणि कटरही चाटून ठेवलं.

मग आवाजाची सवय. धावजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वाळक्या काड्या कटरनं तोडायचा. कट्, की अंडं. कट्, की अंडं. “पाह्य, काहीच नाही. पऱ्हाटी हाये ते,” असं तिला सांगत राहायचा. मंत्र म्हणतात तो हाच.

दहाव्या दिवशी पंजा हातात आला. बाराव्या दिवशी दोन साधी नखं निघाली. तेराव्या दिवशी मथुराबाई रोजच्यासारख्या कुडावरून डोकावल्या आणि त्यांच्या हातची बादली दगडावर आपटली. झिपरी थेट बाजेखाली.

धावजी उठला आणि त्यानं खुंटीवरची दोरी काढली. सुखीबाई दारात उभी होती. धावजीनं हातातल्या दोरीकडे पाहिलं, बाजेखाली पाहिलं, आणि दोरी परत खुंटीला लावली.

“उद्यापासून पुन्हा हातभर लांब,” तो म्हणाला. मग कुडाकडे वळून, “मथुराबाई, पाहाचंच असन तं आत या. अंडं धरा.”

मथुराबाई आत आल्या. न येऊन सांगतात कुणाला! चार दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं तुकडे भरवले. “माय वो, माह्या सासऱ्यापेक्षा सावकाश जेवते हे,” अशी कुरकुर करत, पण भरवले.

सतराव्या दिवशी धावजीनं पंजा गुडघ्यावर घेतला. झिपरीनं पाय ओढला नाही. तिचं लक्ष मथुराबाईंच्या मुठीकडे होतं. कट्. आकड्यासारखं नख कापडावर पडलं. मांसावर नुसता वळ होता.

पुढच्या बाजाराला जीपमध्ये झिपरी पुन्हा त्याच्या पायाशी. आणि हल्ली धावजी बैल पाडतोच, पण पाडायच्या आधी नाल त्याच्या नाकाशी धरतो, हुंगू देतो. गिऱ्हाईक हसतं.

करणीची बातमी मात्र मथुराबाईंनी अजून मागं घेतलेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “येवढी रंगलेली गोष्ट मी कायले मोडू?”

म्हणून मी मोडतो. धावजीनं कुत्रीला पाडून बांधलं, त्यामुळं ती लोखंडाला घाबरायला लागली. ती भीती जावी म्हणून त्यानं सतरा दिवस कटरशेजारी अंडं ठेवलं आणि मग तिचं नख कापलं.