टॉवेल माझ्या हातात होता

आमची बटालियन नगरला आली तेव्हा लंगरात सगळे माझ्याकडं बघून हसले. मी नेवासा तालुक्यातला, घोडेगावजवळचा. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पोस्टिंग घरापासून तासाभरावर मिळालं होतं. "उस्तादांची चैन हाय आता," पोरं म्हणायची. चैन कसली डोंबलाची! पहिल्या दोन महिन्यांत एकदा घरी गेलो, तेही कांदा लावायला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. तेच लिहितो.

हुद्दा हवालदार, कंपनी ब्राव्हो, काम बॉक्सिंगचं. पलटणीत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मी उस्ताद. त्या हिवाळ्यात पलटणीच्या प्रमुखांनी, सीओ साहेबांनी, नवशिक्यांची बॉक्सिंग स्पर्धा लावली. ज्यानं आयुष्यात कधी रिंगमध्ये पाय ठेवला नाही, त्यालाच त्यात उतरवायचं. तयारीला चाळीस दिवस. पहाटे पाचला रनिंग, साडेसहाला दोरी, संध्याकाळी बॅग आणि स्पारिंग. मी तेव्हा बेचाळीसचा होतो, गुडघे वाजायचे. तरी पोरांच्या पुढंच पळायचो, कारण मागं पळणाऱ्या उस्तादाचं कोणी ऐकत नाही.

या स्पर्धेचे दोन रिवाज सिव्हिलियन लोकांना माहीत नसतात. एक, राऊंड चालू असताना कोणी ओरडायचं नाही. सातशे माणूस बसलेला असतो, पण फक्त ग्लोव्ह्जचा आवाज येतो. टाळ्या वाजवायच्या त्या मधल्या मिनिटात. दुसरा रिवाज गुणांचा. जिंकणाऱ्याच्या कंपनीला दोन गुण. हरणारा शेवटच्या घंटीपर्यंत पायावर उभा राहिला, तर त्याच्या कंपनीला एक. बाऊट, म्हणजे लढत, मध्येच थांबवली, तर हरणाऱ्याला शून्य. त्या एका गुणाला आम्ही हिंमतीचा गुण म्हणायचो. जवान हरून आला तरी चालेल, पण तो गुण घेऊन आला पाहिजे, असं मीच पोरांना शिकवलं होतं.

चौसष्ट किलोच्या गटात आमच्याकडून शिपाई महादेव सांगळे होता. वय बावीस. जामखेड तालुक्यातला, खर्ड्याच्या बाजूचा. आई-बाप दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. हे पोर कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोपीत वाढलेलं. अंगानं लुकडं, पण चिवट. आम्ही दोघं एका जिल्ह्याचे, म्हणून एकटे असलो की आपल्या बोलीत बोलायचो.

"उस्ताद, तुमच्याकडं प्रवरेचं पानी. आमच्याकडं काय, तर किल्ला."

"मग चांगलंच हाय की."

"किल्ला पिता येत न्हाई, उस्ताद."

असा होता तो. तक्रारसुद्धा हसत करायचा, आणि तीही स्वतःबद्दल कधी नाही.

स्पर्धा शुक्रवारी होती. सोमवारच्या स्पारिंगमध्ये महादेवाला कानशिलावर एक बसला. पडला नाही. नुसता थांबला आणि दोनदा डोळे मिचकावले. मी म्हटलं, चल, चालू ठेव. मंगळवारी सकाळी पीटीला त्याचं पाऊल दोनदा चुकलं. नाश्त्याच्या पुऱ्या तशाच ताटात ठेवल्या. ज्या पोरानं कोपीवर शिळी भाकरी सोडली नसेल, ते पुरी टाकतंय, हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

"डोकं दुखतंय का रे?"

"न्हाई उस्ताद. ठीक हाय."

आता हे 'ठीक हाय' काय असतं ते सांगतो. रंगरूट भरती झाला की पहिल्या आठवड्यात त्याला तीन गोष्टी शिकवतात. सॅल्यूट, बिछाना लावणं आणि 'ठीक है साहब.' दरबारात साहेब विचारतात, "कोई तकलीफ?" सातशे गळे ओरडतात, "नहीं साहब!" पायाला फोड असो, घरी बाप आजारी असो, उत्तर तेच. जवान विचार करून ते उत्तर देत नाही. 'सावधान' म्हटलं की टाचा जुळतात, तसं ते तोंडातून निघतं. मी स्वतः बावीस वर्षं तेच उत्तर देत आलो होतो. तरी मी त्याला विचारलं आणि त्याचं उत्तर खरं धरलं.

गुरुवारी आरएमओ साहेबांनी, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांनी, सगळ्या बॉक्सरांची तपासणी केली. तरुण कॅप्टन होते, नीट बघायचे. महादेवाच्या डोळ्यांत टॉर्च मारला, बोटं मोजायला लावली.

"कोई तकलीफ?"

"नहीं सर. ठीक है सर."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "उस्ताद, कुछ बताना है?"

"नहीं सर," मी म्हटलं.

सोमवारचा ठोसा सांगितला असता तर त्यांनी त्याला खाली बसवला असता. चौसष्ट किलोत आमच्याकडं दुसरा माणूस नव्हता.

शुक्रवार, वेळ १६५०. शेवटची बाऊट आमची. तोपर्यंत ब्राव्हो डेल्टापेक्षा दोन गुणांनी पुढं होती, आणि समोर डेल्टाचाच जवान. तो उंच होता, त्याचा हात लांब होता, आणि तो जिंकणार हे मला पहिल्याच मिनिटात कळलं. हिशोब सोपा होता. महादेव उभा राहून हरला तर आम्ही एका गुणानं जिंकतो. बाऊट थांबली तर बरोबरी. कॉर्नरमध्ये आमच्या कंपनीचे हवालदार मेजर, सीएचएम साहेब, वाकून मला म्हणाले, "हवालदार, बस खडा रहे."

पहिला राऊंड बरा गेला. दुसऱ्यात मध्येच त्याला उजव्या हाताचा एक सरळ बसला. रेफ्रीनं थांबवून आठपर्यंत आकडे मोजले. रेफ्री बाहेरच्या युनिटचे सुभेदार साहेब होते. त्यांनी महादेवाचे ग्लोव्ह्ज धरले.

"ठीक हो?"

"ठीक है साहब."

"बॉक्स!"

घंटी झाली. महादेव वळला आणि दोन पावलं डेल्टाच्या कॉर्नरकडं चालला. मग थांबून इकडं आला. लोकांना वाटलं, गडबडीत चुकला. काही जण हसलेही. मी स्टूल लावलं, त्याच्या तोंडातलं गार्ड काढलं, पाणी दिलं. हेडगार्डखाली डोळे उघडे होते. हेडगार्ड कपाळ फुटू देत नाही, एवढंच. आतलं डोकं हलायचं ते हलतंच.

तो मला म्हणाला, "उस्ताद, आपली बाऊट कव्हा हाय?"

टाळ्या चालू होत्या. हे वाक्य माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तो रिंगमध्ये टाकला की बाऊट संपते, कोणाची परवानगी लागत नाही. मी टॉवेल हातात घेतला. पहिल्या रांगेत कंपनी कमांडर साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांनी काही इशारा केला नाही, हे मी शपथेवर सांगतो. दोष द्यायला मला दुसरं कोणी नाही.

मी काय केलं? मी पुन्हा विचारलं.

"महादेवा, ठीक हायस ना?"

"ठीक हाय, उस्ताद."

माझा बाप घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. बैल ठीक आहे का, असं तिथं मालकाला कोणी विचारत नाही. चालवून बघतात, दात बघतात, खूर उचलून बघतात. दहा वर्षांचा असताना मला हे कळत होतं. बेचाळिसाव्या वर्षी एका माणसाबद्दल कळलं नाही. टॉवेलानं मी त्याचं तोंड पुसलं आणि त्याला उभा केला.

तिसरा राऊंड दोन मिनिटांचा. पहिलं मिनिट तो दोऱ्यांच्या कडेकडेनं फिरला. मग त्याचे हात खाली यायला लागले. रेफ्री दोनदा जवळ आले, दोनदा त्यानं हात वर केले. हात वर करायची सवय मीच लावली होती, चाळीस दिवस. सातशे माणूस गप्प. टाइमकीपरनं दहा सेकंदांची टकटक केली, तेव्हा टॉवेल माझ्या मुठीत होता. दहाच सेकंद राहिले, असं मी मनाशी म्हटलं. त्या दहा सेकंदांत त्याला तीन ठोसे बसले.

घंटी झाली तेव्हा तो उभा होता. कंपनी उठून नाचायला लागली. सीएचएम साहेबांनी मला मिठी मारली. निकालाला दोघांचे हात रेफ्रीनं धरले, डेल्टाच्या जवानाचा वर केला. महादेव कॉर्नरमध्ये आला, स्टुलावर बसला, आणि एका अंगाला कलंडला. मी धरला. "महादेवा! ए महादेवा!" डाव्या डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती. आरएमओ साहेब दोरीवरून उडी मारून आत आले. १७०८ ला अँब्युलन्स निघाली. मेंदूत रक्त साचलं होतं. पुण्याला हलवलं, ऑपरेशन झालं. सगळ्यांनी शिकस्त केली. रविवारी सकाळी तो गेला.

चौकशी झाली. पीठासीन साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही त्याला प्रकृतीबद्दल विचारलं होतं का?"

"होय सर. दोनदा."

"काय म्हणाला?"

"ठीक हाय म्हणाला, सर."

तेवढंच लिहिलं गेलं. पुढचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कोणावर ठपका आला नाही. पुढच्या वर्षी पलटणीनं हिंमतीचा गुण बंद केला. बैल गेला नि झोपा केला.

रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली. तालुक्याच्या स्पर्धांना मला रेफ्री म्हणून बोलावतात. हा म्हातारा बाऊट फार लवकर थांबवतो, अशी माझ्याबद्दल बोंब आहे. परवा नेवाशात एका पोराला दुसऱ्याच राऊंडमध्ये थांबवलं, तर त्याचा मामा खुर्ची उचलून आला. "पोरगं ठीक हाय म्हनतंय ना! तुमाला काय कळतं वो?" मी म्हटलं, मला त्याचं म्हणणं ऐकायचंच नाही. मी कोणाला 'ठीक आहेस का' विचारत नाही. माझ्याकडं चार पावलं सरळ चालत ये म्हणतो. तुझा कॉर्नर कुठला, दाखव म्हणतो. कितवा राऊंड, सांग म्हणतो. एक चुकला की हात हलवून बाऊट बंद. लोक शिव्या देतात. देऊ देत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण दमतो मी. एका दुपारी दहा-बारा बाऊट घेतल्या की रात्री गुडघ्यांपेक्षा डोळे दुखतात.

खर्ड्याला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा महादेवाला घेऊन. आई-बाप कारखान्यावरून जीपनं आले होते, अंगावर तोडणीचेच कपडे. बंदुकांची सलामी नव्हती. आम्ही बारा जणांनी सॅल्यूट केला आणि परत आलो.

दुसऱ्यांदा गेलो तो रिटायर झाल्यावर, एकटा. बाप वारला होता. आईची ऊसतोड सुटली होती, घरासमोर शेळ्या होत्या. तिनं ओळखलं. म्हणाली, "या. बसा." मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. सोमवारचा ठोसा, टाकलेल्या पुऱ्या, डॉक्टरांना मी काय म्हणालो ते, आणि मधल्या मिनिटात त्यानं मला काय विचारलं ते. टॉवेल हातात होता हेही सांगितलं. चौकशीत जे बोललो नव्हतो, ते सगळं त्या बाईसमोर बोललो. माफी मागायची होती, पण ती मागायला तोंड लागतं.

ती शेळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "मंग जिकला का तुमी?"

"जिंकलो, आई."

"आन थांबवलं असतं तर? हरला असता?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबरी झाली असती."

"बरोबरी," ती म्हणाली. उठली, शेळी सोडली आणि रानाकडं निघून गेली. तिनं मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. मी दिवस कलेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. ती आली नाही.

पलटणीच्या स्मारकावर नावं आहेत, ती लढाईत गेलेल्यांची. त्यांना माझा सलाम. त्यांच्यातल्या चौघांना मी खांदा दिलाय. महादेवाचं नाव त्या दगडावर नाही, कारण तो खेळताना गेला, असा नियम आहे. म्हणून इथं लिहितो. शिपाई महादेव सांगळे, ब्राव्हो कंपनी. शेवटच्या घंटीपर्यंत उभा होता. त्याला बसवणं माझं काम होतं.