चूलबंद आवतण

पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, तेव्हा मोशीतले आम्ही दोघं बाटल्या धुण्याच्या खात्यात लागलो. तो महारवाड्यातला, मी पाटलांच्या भावकीतला. गावात एकमेकांच्या दारी कधी गेलो नव्हतो, पण कारखान्यात नळ एक, साबण एक आणि जेवायच्या सुट्टीत बाकही एकच. त्याच्या डब्यातलं तिखटजाळ कालवण मी पुसून खायचो आणि वर सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं भाषण ठोकायचो, की हे म्हातारे खपल्याशिवाय गाव काही सुधारायचं नाही. बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं!

पहिल्या मुलाच्या बारशाचं आवतणही मी त्याला असंच चारचौघांत दिलं. साधं नव्हे, चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं.

"घरी इचारलंस का?" त्यानं हळूच विचारलं.

"त्यात इचारायचं काय, राव? घर माजंच हाय न्हवं?"

बारशाच्या दुपारी पहिली पंगत बसत होती. चाकणकडचे माझे सासुरवाडीचे लोक नुकतेच पाटावर टेकले होते. तेवढ्यात तिघं येताना दिसली. इस्त्रीचा सदरा घातलेला तो, बाळासाठी शिवलेली कुंची हातात घेतलेली त्याची बायको आणि मागं त्याची म्हातारी आई. कुणी काही बोललं नव्हतं. कुणाचं तिकडं लक्षसुद्धा नव्हतं. तरी त्यांनी अंगणात पाऊल टाकायच्या आधीच मी त्यांना गोठ्यामागं नेलं.

"म्हातारा ऐकंना रं," मी म्हणालो. "लई सांगून बघितलं. तुमी हितंच बसा, मी ताटं घिऊन येतो."

शुद्ध थाप होती. वडील त्या वेळी परसात चुलाणापाशी आमटीचं मीठ बघत होते. त्यांच्यापाशी मी या बाबतीत चकार शब्द काढला नव्हता.

म्हातारी म्हणाली, "आमी आज चूल पेटवली न्हाई, दादा." आवाजात तक्रार नव्हती, मला ठाऊक असावं म्हणून सांगितल्यासारखं ती बोलली. मी ताटं वाढून आणली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. कुंची मात्र गव्हाणीच्या कडेवर नीट घडी करून ठेवलेली होती.

पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "तुजा कारखान्यातला जोडीदार आला न्हाई व्हय? आवतण दिल्यालं कानावर आलं हुतं."

"तुमाला चाललं असतं?"

"आता इचारतोस व्हय?" असं म्हणून ते चिलीम भरायला लागले.

ते हो म्हणाले असते की नाही, मला आजही माहीत नाही. कदाचित त्यांनी शिव्या घातल्या असत्या. पण त्या त्यांच्या तरी असत्या. मी माझा भित्रेपणा त्यांच्या नावावर खपवला होता, आणि गावातल्या किती म्हाताऱ्यांच्या नावावर आम्ही तरण्यांनी तो असाच खपवला असेल, देव जाणे. त्या दिवशी मला माझीच किळस आली.

चार दिवस तो कामापुरतं बोलला. जेवायला दुसऱ्या बाकावर बसला. सुटीच्या दिवशी मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो, तर म्हातारीनं आधी पाट मांडला. गरम भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा.

"माफीचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "जेव पोटभर. फकस्त घरी गेल्यावर सांग, कुटं जेवलास ते. एवढं केलंस, की उद्यापास्नं एका बाकावर."

"सांगतो की," मी म्हणालो. खरोखर सांगायचं ठरवूनच जेवलो.

घरी आलो तर वडील ओसरीवर वाकळ टाकून निवांत पडले होते. मी आल्याचं पाहून त्यांनी कूस बदलली, एवढंच. आत बायको चुलीपाशी माझी वाट बघत उपाशी बसली होती.

"कुटं होता एवढा येळ? भाकरी पार गार झाली," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. अडवायला कुणीही नव्हतं. मग हातपाय धुतले, पाटावर बसलो आणि दुसऱ्यांदा जेवलो.