मधूच्या गाडीत न जाणारा गॅस

कसालला हायवेच्या कडेला फकरुद्दीन यांचं गॅरेज आहे आणि त्याच्या बरोबर समोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळे ही हकीगत मी अर्धी डोळ्यांनी पाहिली आणि अर्धी त्यांच्याच तोंडून ऐकली.

फकरुद्दीन एकसष्ट वर्षांचे. तरुणपणी अकरा वर्षं कुवेतला होते. गाड्यांना गॅसकिट बसवायचं काम तिथे शिकले आणि इथे येऊन तेच करत राहिले. मीटर, यंत्रं यांच्यावर त्यांचा फारसा भरवसा नाही. पाइपाला हाताची मागची बाजू लावायची आणि निदान सांगायचं, ही त्यांची रीत. गिऱ्हाइकाचं बोलणं अर्धं झालं की म्हणायचे, "कळला माका. संध्याकाळी ये." आणि संध्याकाळी गाडी सुरू झालेली असायची.

गेल्या एप्रिलात मधू आपली व्हॅन घेऊन आला. तो कुडाळ स्टेशनवरून मालवणला माणसं नेतो. एखाद्या दिवशी त्याची मुलगी गौरजा गाडी चालवते. पर्यटक, त्यातही बायकामंडळी असली की तीच जाते. ही व्हॅन मधूने दोन महिन्यांपूर्वी गोव्यातून जुनी घेतली होती. तिच्यातलं किट वेगळं होतं. नेहमीच्या किटमध्ये पातळ गॅसची वाफ होते आणि मग ती इंजिनात जाते. इथे टाकीतला पंप गॅस पातळच इंजिनापर्यंत ढकलायचा आणि उरलेला दुसऱ्या पाइपाने टाकीत परत यायचा.

"फकरुभाई, टाकी रिकामी आसा, पण पंपावर गॅस आत जायनाच नाय," मधू म्हणाला. "मशीन नुसता घुंय घुंय करता. आकडो हलना नाय. आणि सकाळी गेलंय काय गपचूप भरता."

"कळला माका. भरायचो वॉल्व्ह गेलो," फकरुद्दीन म्हणाले. त्यांनी वॉल्व्ह बदलला.

तिसऱ्या दिवशी मधू परत आला. तोच त्रास. फकरुद्दीन त्याच्याबरोबर पंपावर गेले. पंपावरच्या देवेशने त्यांच्यासमोर तीन रिक्षा भरून दाखवल्या. मधूच्या व्हॅनला नळी लावली की आकडा जागच्या जागी. फकरुद्दीन यांनी टाकी रिकामी करून झडपा उघडल्या, पुसल्या, परत बसवल्या. काही सापडलं नाही. त्यात दुसऱ्या दिवशी गौरजा पर्यटकांना घेऊन दिवसभर फिरली आणि भर दुपारी त्याच पंपावर टाकी भरून आली.

"गाडी माझ्यावर खार खाऊन आसा," मधू म्हणाला. तो हसत होता, पण फकरुद्दीन हसले नाहीत.

त्या आठवड्यात ते दोनदा माझ्या दुकानात आले. एकदा विचारलं, "मधू पयल्यांदा कधी इल्लो रे? बुधवारी काय गुरुवारी?" दुसऱ्यांदा आले आणि कशाला आलो तेच विसरून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापाचा असाच सुरू झाल्ला. आधी दिवस चुकले, मगे माणसां. शेवटी माका तो दुकानवालो समजी."

मी त्यांना खुर्ची दिली.

घरी त्यांच्या पत्नी हमिदाचाचींच्याही लक्षात आलं होतं. वॉल्व्ह कधी बदलला, गाडी कोणी चालवली, हे फकरुद्दीन आता चिठ्ठ्यांवर लिहून खिशात ठेवत. रात्री त्या चिठ्ठ्या समोर मांडून बसत आणि त्यांचा मेळ लागत नसे. "एक गाडी, एक टाकी, एक पंप," ते चाचींना म्हणाले. "बाप गेलो तर भरणा नाय, चेडू गेला तर भरता. असां कसां होयत? काय तरी माझ्याच डोक्यात बिघडलाहा."

"मगे डोक्यान नको शोधू. गाडीत जावन बस," चाची म्हणाल्या.

त्यांनी ते ऐकलं. शनिवारी गौरजाच्या शेजारी बसून मालवणला गेले आणि परत आले. पंपावर गॅस सुरळीत गेला. रविवारी मधूबरोबर तोच रस्ता, तीच वेळ. पंपावर गॅस आत जाईना. मधूने स्टिअरिंगवर हात आपटला. फकरुद्दीन गाडीखाली वाकले आणि टाकीत परत येणाऱ्या पाइपाला हात लावला. चटका बसला. टाकीही तापलेली होती.

"काल मी ह्या पायपाक हात लावूकच नाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग मधूकडे वळले. "गौरजा करता आणि तू करणस नाय, असा काय आसा?"

"काय नाय. तीच गाडी, तोच रस्तो."

फकरुद्दीन घामाने भिजले होते. सदरा पाठीला चिकटला होता. तो सोडवता सोडवता त्यांचा हात थांबला. काल याच सीटवर त्यांना थंडी वाजली होती. कानांना रुमाल बांधून बसले होते.

"मधू, एसी लाव."

"एसी? तुमीच सांगल्यात ना, एसी लावलो काय गॅस जास्ती खाता? मी कधी लावणंय नाय. पर्यटकांक लागता म्हणून गौरजा लावता."

"लाव म्हणतंय ना!"

एसी लावून ते कणकवलीपर्यंत गेले आणि परत आले. फकरुद्दीन पुन्हा गाडीखाली शिरले. परतीच्या पाइपावर एक छोटा चौकोनी डबा होता. त्यांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता, पण एसीचा काही भाग असेल म्हणून सोडून दिला होता. आता डब्याच्या अलीकडे पाइप गरम होता आणि पलीकडे थंडगार. देवेशने नळी लावली. आकडा पळू लागला.

मग त्यांनी मला ते समजावलं. इंजिनाजवळून परतणारा गॅस तापलेला असतो. तो टाकीत शिरला की टाकी तापते आणि आतला दाब वाढतो. बाहेरचा पंप त्या दाबापुढे हरतो. म्हणून बनवणाऱ्याने परतीच्या वाटेवर तो डबा ठेवला होता. एसीचं थंड पाणी त्यातून फिरतं, असं ते आधी म्हणाले, मग लगेच स्वतःलाच सुधारलं, "पाणी नाय, एसीचो गॅस." एसी चालू असेल तरच टाकीकडे जाणारा गॅस निवतो. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकी आपोआप निवते, म्हणून सकाळी भरायला अडचण नाही.

मधू खूश झाला. एसी न लावता सकाळीच टाकी भरून निघायचं, असं त्याने ठरवलं. तो जाताना फकरुद्दीन त्याला म्हणाले, "चूक माझी होती. एसी बंद ठेव म्हणून मीच तुका सांगलंय. माका ता किट म्हायत नव्हता आणि म्हायत नाय म्हणान सांगूक जमला नाय."

गाडीचं कोडं सुटलं, म्हणजे डोकं ठीक आहे, असं मी त्यांना म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात चाची त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी महिना विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला दिलं. काळजीचं काही नाही म्हणाले. झोप पुरी घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

बाहेर आल्यावर फकरुद्दीन रस्त्याच्या कडेला उभेच राहिले.

"बरा झाला ना?" चाचींनी विचारलं.

"बराच झाला. पण हमिदा, माका बरा वाटता काय भय वाटता, ताच समजना नाय."

"मगे चाय घेऊया," चाची म्हणाल्या. "समजाक घाई खंय आसा?"

त्या दिवशी समोरचं गॅरेज उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी एक रिक्षावाला आला. फकरुद्दीन यांनी त्याचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "नक्की काय ता माका अजून कळूक नाय. बस जरा. तू गाडी कशी चालवतंस ता सांग."