मारून ठेवू द्या

"सर, यांनी तो शब्द म्हटलाच नाही," रश्मी म्हणाली.

"कोनता शब्द?" कुंदाने विचारलं.

तिला खरंच कळलं नव्हतं. मला मात्र लगेच कळलं.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की एका कंपनीची कॉलनी लागते. कॉलनीत नऊ होलचं छोटं गोल्फ मैदान आहे. मी त्याच कंपनीतून रिटायर झालो. नोकरीत असतानाच हौसेने गोल्फच्या नियमांची परीक्षा दिली होती, त्यामुळे तिथे काही असलं की रेफरी म्हणून मला बोलावतात. भंडाऱ्यात कोणाला सांगितलं, तर माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हंजे करता काय तुमी?" खरंच फार काही करत नाही. शिट्टी नाही, पळापळ नाही. खेळणारे नियम विचारतात, मी सांगतो.

त्या दिवशी क्लबच्या कोचची निवड होती. पगारी, कायमची जागा. कमी फटक्यांत नऊ होल संपवेल तिला नेमायचं, असं कमिटीने ठरवलं होतं. उमेदवार दोघीच. रश्मी नागपूरची, खेळात पक्की आणि नियमांत त्याहून पक्की. कुंदा आमच्या डोळ्यांदेखत वाढलेली. तिचे वडील याच मैदानावर माळी होते. लग्न करून ती भंडाऱ्याला गेली, पितळी भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी. तरी ऑटो पकडून कॉलनीतल्या पोरांना शिकवायला यायची, तेही फुकट. शेवटी घरच्यांशी तिचं ठरलं होतं. ही जागा मिळाली तर गोल्फ, नाही तर दुकान.

शेवटच्या होलला कुंदा एका फटक्याने पुढे होती. तिथे डाव्या हाताला एक बोडी आहे. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहान तळं. तिच्या अलीकडे बेशरमाची दाट झुडपं. कुंदाचा पहिलाच फटका नेमका त्या बाजूला वळला.

"गेला वाट्टे बेशरमात," ती म्हणाली. "थांबा, आनखी एक मारून ठेवू द्या."

आणि तिने दुसरा चेंडू मारला. तो सरळ गेला.

आता थोडं नियमाचं. गोल्फमध्ये चेंडू हरवला की पुन्हा मूळ जागी येऊन मारावं लागतं, वर दंडाचा एक फटका. तेवढी पायपीट वाचावी म्हणून चेंडू हरवल्याची शंका आली, तर आधीच एक राखीव चेंडू मारता येतो. त्याला 'प्रोव्हिजनल' म्हणतात. पहिला सापडला तर राखीव उचलायचा, नुकसान काही नाही. पण मारण्याआधी तसं बोलून दाखवावं लागतं. नाही बोललात, तर दुसरा चेंडू हाच खरा, दंडासकट. पहिला मग तुमच्या पायाशी पडलेला असला तरी मेला.

कुंदाचा पहिला झुडपांच्या अलीकडेच सापडला, चांगल्या गवतात. ती खुशीत दुसरा उचलायला निघाली, तेव्हा रश्मी बोलली.

कुंदाचं ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मी साक्षीदार झालो होतो, निर्णय मी देणं बरं दिसलं नसतं. चीफ रेफरी म्हणून पुण्याच्या एक मॅडम आल्या होत्या, त्या क्लबहाउसमध्ये होत्या. अशा वेळी दोन्ही चेंडूंनी होल पूर्ण करायचा आणि निकाल नंतर घ्यायचा, अशी सोय नियमांतच आहे. मी तसं सांगितलं.

दोघी खेळल्या. पहिल्या चेंडूने कुंदा एका फटक्याने जिंकली. दुसऱ्याने एका फटक्याने हरली. मग आम्ही तिघं क्लबहाउसकडे गेलो.

"'प्रोव्हिजनल' म्हणाल्या का त्या?" मॅडमनी मला विचारलं.

"नाही."

"राखीव? तात्पुरता?"

"'मारून ठेवू द्या' म्हणाली."

"तो शब्द म्हणा, नाही तर तोच अर्थ स्पष्ट कळेल असं बोला, असा नियम आहे."

"मग झालं की, मॅडम! पाहुणा येतो की नाही याचा भरवसा नसला, की आमच्याकडे भात टाकून ठेवतात. 'ठेवतात' म्हणजे लागला तर असावा म्हणून. 'मारू द्या' वेगळं आणि 'मारून ठेवू द्या' वेगळं."

"मराठी मलाही येतं, गिरीपुंजे." त्या जरा हसल्या. "आपण लाइटचं बिलही भरून ठेवतो. भरलं ते भरलंच, परत घेतो का? दोन अर्थ निघतात म्हणजे स्पष्ट नाही."

मी कुंदाकडे पाहिलं.

"मॅडम," कुंदा म्हणाली, "दुसराच खेळाचा असता त मी 'ठेवू' कायले म्हनलं असतं? नुसता मारला असता ना."

"तुमच्या मनात काय होतं ते मला पटतंय हो. पण मला तुमच्या तोंडून जे निघालं त्यावरच जावं लागतं."

दुसरा चेंडू धरला गेला. जागा रश्मीला मिळाली.

रश्मी बाहेर कुंदाजवळ आली. "ताई, मले बी बरं नाही वाटून राहिलं. पन दोघींनी मिळून नियमाकडे कानाडोळा केला, त दोघी बी बाद होतात." तेही खरंच होतं. कुंदाने मान हलवली, बॅग खांद्याला लावली आणि हायवेकडे चालू लागली.

मला फार वाईट वाटलं, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. दोन चेंडू मारून बरा असेल तो निवडायची पळवाट नियम लिहिणाऱ्याने बुजवली होती, त्यात गैर काही नाही. फक्त 'ठेवणं' म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आता कोणी खेळायला उतरलं की मी आधी त्यांच्याकडून 'प्रोव्हिजनल' मोठ्याने म्हणवून घेतो. लोक हसतात. मी हसू देतो.

मध्यंतरी पाणी भरायचा पितळी गुंड घ्यायला भंडाऱ्याला गेलो होतो. गल्ल्यावर कुंदाच होती. मला एक गुंड पसंत पडला, पण काठाला बारीकसा पोचा होता. मी तो फिरवून फिरवून पाहत होतो.

"काका, आनखी एक काढून ठेवू का?" तिने विचारलं. मग स्वतःच थांबली, आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "प्रो-व्हि-ज-नल."

आणि हसली. मला हसता आलं नाही. मी पोचा आलेलाच गुंड घेतला आणि निघालो.